टेकडीचा शेजार कसा मोजावा? रामनदी खोऱ्यातील भूदृश्यबदलाच्या मोजणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेला भुकूम-भूगावच्या बाजूने उगम पावून, बावधन, पाषाण आणि बाणेर या भागांतून वाहत मुळा नदीला मिळणाऱ्या रामनदीच्या खोऱ्यात एका अभ्यासगटाने शहरवाढीची मोजणी हाती घेतली. प्रारूप विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मांडण्यासाठी एका नागरिक गटाला आधार हवा होता आणि त्यांची मागणी वरकरणी सोपी होती: तीस वर्षांत टेकड्या, शेते आणि ओढे किती ‘तुटले’, ते आकड्यांत दाखवावे. प्रस्तुत लेखात खोरे खरे ठेवले असून गट, संस्था आणि व्यक्ती यांची ओळख मात्र वगळली आहे.

हे खोरे लहान असले तरी शहराच्या कडेला जे जे घडते ते जवळपास सारे त्यात सापडते. वरच्या अंगाला भातखाचरे, कोरडवाहू जमीन आणि मानस तलाव आहे; मध्यभागी मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा बाह्यवळण रस्ता आणि चांदणी चौक आहे; खाली पाषाण तलाव, संशोधन संस्थांची व संरक्षण खात्याची विस्तीर्ण आवारे, बाणेर-पाषाणची टेकडी आणि तिच्या पायथ्याशी दाटलेल्या इमारती आहेत. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र हे खोरे कधीच एकसंध नव्हते. बाणेर आणि बावधन खुर्द ही गावे 1997 साली पुणे महापालिकेत आली, बावधन बुद्रुक आणि सूस 2021 साली आली, तर भूगाव आणि भुकूम हद्दीबाहेरच राहिली. 1997 साली आलेल्या आणि हद्दीत टिकलेल्या 23 गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. ते आरक्षण हद्दीच्या रेषेवर थांबते, टेकडी थांबत नाही.

प्रश्न

अभ्यासगटाने पहिल्या फेरीत नेहमीचीच वाट धरली. उपग्रहचित्रांचे वर्गीकरण केले, बांधकाम, शेती, माळ, झाडी आणि पाणी असे वर्ग पाडले आणि प्रत्येक वर्गाच्या तुकड्यांची संख्या, सरासरी आकार आणि कडेची लांबी काढली. निकाल मात्र बुचकळ्यात टाकणारा निघाला. माळ आणि झुडपांच्या तुकड्यांची संख्या घटली होती आणि त्यांचा सरासरी आकार वाढला होता. आकडे शब्दशः वाचले तर गेल्या दशकात टेकड्या अधिक सलग झाल्या, असा अर्थ निघत होता.

हे का घडते, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, 1000 हेक्टरच्या क्षेत्रात माळाचे दहा तुकडे आहेत: दोन मोठे, प्रत्येकी 100 हेक्टरचे, आणि आठ लहान, प्रत्येकी 5 हेक्टरचे. एकूण माळ 240 हेक्टर आणि सरासरी आकार 24 हेक्टर. पुढे आठही लहान तुकडे बांधकामाखाली गेले आणि मोठे दोन प्रत्येकी 80 हेक्टर उरले. माळ 240 वरून 160 हेक्टरवर आला, पण सरासरी मात्र 24 वरून 80 हेक्टरवर चढली. तिसरा हिस्सा जमीन गेली आणि निर्देशांक सुधारला. शहराच्या कडेला असे होण्यात अपवादात्मक काही नाही, कारण तिथे आधी जातात ते लहानच तुकडे: गायरानाची पट्टी, दोन शेतांमधला माळ, ओढ्याकाठचे झुडूप.

नागरिक गटातील एका ज्येष्ठ सदस्याने त्या वेळी विचारलेला प्रश्न पुढच्या सगळ्या चर्चेला कारणीभूत ठरला: “हे आकडे सुनावणीत ठेवले, तर बिल्डरचा वकील ते आमच्याच विरोधात वाचून दाखवील ना?” उत्तर ‘हो’ असेच होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय निर्देशांक सोडून केवळ क्षेत्रफळ देण्याचा होता. ते समजायला सोपे आणि खोडायला अवघड असते. परंतु 40 हेक्टर माळ एकगठ्ठा उरला की वीस ठिकाणी विखरून उरला, हा फरक त्यात बुजतो आणि मूळ मागणी तर त्याच फरकाविषयी होती.

दुसरा पर्याय सरासरीऐवजी मोठ्या तुकड्यांना त्यांच्या आकारानुसार वजन देणारे माप घेण्याचा. येगर यांनी 2000 साली मांडलेला ‘परिणामकारक जाळी-आकार’ हा निर्देशांक त्यांपैकी एक आहे. प्रत्येक तुकड्याच्या क्षेत्रफळाचा वर्ग करून त्यांची बेरीज संपूर्ण अभ्यासक्षेत्राच्या क्षेत्रफळाने भागली की तो मिळतो. वरच्या उदाहरणात तो आधी 20.2 हेक्टर येतो आणि नंतर 12.8 हेक्टर, म्हणजे ऱ्हासाची दिशा तरी बरोबर दाखवतो. त्याची अडचण वेगळी होती. या खोऱ्यातील सर्वांत मोठे मोकळे तुकडे कुंपण घातलेल्या सरकारी आवारांत आहेत. वर्ग केल्यावर तेच इतके जड होतात की खासगी आणि गावठाणालगतच्या जमिनीवर काहीही झाले तरी बेरीज फारशी हलत नाही.

तिसरा पर्याय शॅननच्या एन्ट्रॉपीचा होता. खोऱ्याचे उगमाकडून संगमाकडे पट्टे पाडायचे आणि बांधकाम त्यांत किती समप्रमाणात पसरले आहे ते मोजायचे. भारतीय शहरांच्या अभ्यासांत हे माप फार वापरले जाते आणि सुरुवातीच्या पसरणीसाठी ते चांगलेही आहे. परंतु सगळ्या पट्ट्यांत तुरळक घरे असली तरी ते कमाल मूल्याकडे जाते आणि सगळे पट्टे काठोकाठ भरले तरी तिकडेच जाते. विखुरलेपण आणि दाटी यांतला भेद त्याला कळत नसल्याने या कामापुरते ते दुय्यम ठरवले गेले. या लेखकाच्या मते तो निर्णय योग्यच होता. आलेख चांगला दिसतो एवढ्यासाठी एन्ट्रॉपी अहवालात घालण्याची सवय सुटायला हवी.

चौथा पर्याय गटातील एका संशोधक विद्यार्थिनीने सुचवला. तुकडा किती मोठा आहे यापेक्षा त्याला लागून काय आहे हे मोजावे. टेकडीच्या माळाची एकूण कड घ्यायची आणि त्यातली किती शेताला, किती पाण्याला व किती बांधकामाला भिडते, याची प्रत्येक वर्षासाठी विभागणी करायची. कड तेवढीच राहिली तरी शेजार बदललेला असू शकतो.

अखेरीस दुसरा आणि चौथा पर्याय एकत्र घ्यायचे ठरले, पण सरकारी आवारे आणि उरलेली जमीन यांचा हिशेब वेगवेगळा ठेवण्याच्या अटीवर.

केलेली कार्यवाही

मापे ठरली तरी त्यांच्या खाली असलेला नकाशा विश्वासार्ह असल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो, म्हणून मोजणी मुळापासून पुन्हा केली गेली. सर्वाधिक वेळ हद्द, ऋतू, वर्ग आणि पिक्सेल यांविषयीच्या निर्णयांत गेला आणि निकालावर सर्वाधिक परिणामही त्यांचाच झाला.

हद्दीचा प्रश्न आधी सोडवावा लागला. महापालिकेची त्या त्या वर्षीची हद्द घेतली असती, तर 2021 साली गावे आत आल्याबरोबर शेतजमीन ‘वाढली’ असती. म्हणून पाणलोटाची रेषा हीच सर्व वर्षांसाठी कायम हद्द मानली गेली. त्या रेषेवर टेकडीचे माथे असल्याने एकच माळ आत-बाहेर कापला जात होता. तो अर्धवट तुकडा लहान समजला जाऊ नये यासाठी रेषेबाहेरचा एक पट्टाही नकाशात घेतला आणि अंतिम बेरजेतून वगळला.

वर्षे 1992, 2001, 2011 आणि 2021 अशी निवडली. यामागे कल्पकता कमी आणि उपलब्धता जास्त होती. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेचा चित्रसंग्रह 2008 पासून सर्वांना मोफत झाला, त्यात या चारही टप्प्यांची 30 मीटर पिक्सेलची चित्रे मिळतात आणि लँडसॅट 7 च्या चित्रांत मे 2003 नंतर ज्या रिकाम्या पट्ट्या येतात त्या टाळता येतात. 2021 साठी सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची 10 मीटरची अधिक रेखीव चित्रे हाताशी होती आणि ती वापरण्याचा मोह मोठा होता. परंतु पिक्सेल लहान झाला की कडेचे प्रत्येक वळण मोजले जाते, त्यामुळे जमिनीवर काहीही न बदलता कडेची लांबी आणि तुकड्यांची संख्या वाढते. शेवटच्या वर्षाला वेगळा चष्मा लावला असता तर शहरवाढीचा परिणाम कोणता आणि चष्म्याचा कोणता, हे सांगता आले नसते. म्हणून सेंटिनेलचा उपयोग फक्त पडताळणीसाठी केला गेला.

ऋतूचा मुद्दा या भागात विशेष कळीचा आहे. एप्रिलमध्ये पुण्याच्या टेकड्यांवरचे गवत वाळलेले असते, मुरूम आणि काळा खडक उघडा पडलेला असतो आणि उपग्रहाच्या नजरेत तो उतार काँक्रीटसारखाच दिसू लागतो. डिसेंबरच्या चित्रात तीच टेकडी ओळखू येते, पण तेव्हा खरिपानंतर रिकामी झालेली शेते बांधकामात मिसळतात. एकाच तारखेचे चित्र वापरणाऱ्या पहिल्या फेरीत हेच झाले होते: टेकडीच्या अंगावर बांधकामाचे शेकडो ठिपके उमटले होते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यासाठी हिवाळा आणि उन्हाळा अशी दोन चित्रे एकत्र वाचली गेली. गवत रंग बदलते, शेत बदलते, पानगळीचे झुडूप बदलते. छप्पर आणि डांबर दोन्ही वेळा तसेच राहतात. या एका निकषाने चुकीचे ठिपके मोठ्या प्रमाणात गेले. उरलेल्या एकट्यादुकट्या पिक्सेलसाठी सहा पिक्सेलपेक्षा, म्हणजे सुमारे अर्ध्या हेक्टरपेक्षा, लहान तुकडे भोवतालच्या वर्गात मिसळण्याचा नियम केला आणि तो चारही वर्षांना सारखाच लावला.

वर्ग ठरवताना दोन ठिकाणी वाद झाला. एक म्हणजे माळाला ‘पडीक’ म्हणायचे का. कागदोपत्री तसे म्हणण्याची रीत जुनी आहे, परंतु पडीक म्हटलेली जमीन बांधकामाखाली गेली तर वाचणाऱ्याला नुकसान झाल्यासारखे वाटत नाही. गटाने ‘गवताळ माळ आणि झुडूप’ हा स्वतंत्र वर्ग ठेवला. दुसरा वाद प्लॉटिंगचा. शेत विकले जाते, जेसीबी येतो, बांध मोडतात, मुरमाचे आडवे-उभे रस्ते पडतात, कोपऱ्यात फलक लागतो आणि पुढे कित्येक वर्षे तिथे घर उभे राहत नाही. चित्रात ती नुसती उघडी जमीन दिसते. ती शेतीत मोजावी तर तिथे नांगर पुन्हा लागणार नाही. बांधकामात मोजावी तर घर नाही. अशा जमिनीसाठी ‘रूपांतरित, अद्याप न बांधलेली’ असा वर्ग केला गेला. खाणी, भराव आणि राडारोड्याचे ढीगही त्यातच घातले.

वर्गीकरण बरोबर आहे की नाही, हे 2021 साठी जागेवर जाऊन तपासता येते. 1992 साठी काय करायचे, हा खरा पेच होता. गटाने भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे घेतले, गाव नमुना बारामधील जुन्या पिकांच्या नोंदी मिळतील तेथे मिळवल्या आणि तिथल्या जुन्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन फेरफटके केले. अशाच एका फेरीत एका सोसायटीच्या मागच्या भिंतीशी उभे राहून विद्यार्थिनीने विचारले, “आबा, इथं तेव्हा गवत होतं की शेत?” आबांनी भिंतीपलीकडच्या उंबराकडे काठी केली. “पोरी, तो उंबर धर. उंबराच्या अलीकडं आमची हरभऱ्याची पट्टी, पलीकडं गायरान. गुरं तिथनं थेट वढ्यावर उतरायची.” वर्गीकरणाने ती सगळी जागा शेती दाखवली होती. उंबराचे अक्षांश-रेखांश घेतले गेले, नमुना बारामधली हरभऱ्याची नोंद जुळली आणि त्या पट्ट्यातील सीमारेषा दुरुस्त झाली. मात्र आबांच्या बोलण्यातला अधिक मोलाचा भाग त्यांचे शेवटचे वाक्य होते. माळ, शेत आणि ओढा हे तेव्हा एकमेकांना लागून होते, आणि नेमकी तीच गोष्ट कडेच्या विभागणीतून तपासायची होती.

अचूकतेबद्दल गटाने आणखी एक काळजी घेतली. एका वर्षाचा नकाशा 85 टक्के आणि दुसऱ्याचाही 85 टक्के बरोबर असेल आणि त्यांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसतील, तर दोन्ही एकावर एक ठेवून काढलेला बदलाचा नकाशा सुमारे 72 टक्केच बरोबर असतो. म्हणून अशक्य बदलांची वेगळी तपासणी झाली. 2001 मध्ये बांधकाम आणि 2011 मध्ये माळ, असे जिथे दिसले ती प्रत्येक जागा संशयित धरून दोन्ही वर्षांची चित्रे डोळ्यांनी पाहिली गेली. हे कंटाळवाणे काम होते, परंतु वर्गीकरणातल्या सर्वांत मोठ्या चुका त्यातूनच सापडल्या.

शेवटचा निर्णय रस्त्यांचा. बारा मीटरचा रस्ता 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये बहुधा दिसतच नाही, त्यामुळे रस्त्याने दोन तुकडे झालेली टेकडी नकाशात अखंड राहते. सगळे रस्ते आजच्या नकाशावरून उचलून चित्रात कोरता आले असते, परंतु जुन्या वर्षांची तेवढीच तपशीलवार माहिती नसताना तसे केले असते तर तुटणे कृत्रिमरीत्या वाढले असते. ज्यांचे बांधकाम कधी झाले हे निश्चित सांगता येते, असे बाह्यवळणासारखे मोठे रस्तेच नकाशात कोरले गेले.

निष्पत्ती

दुरुस्त केलेल्या मोजणीतून आलेले चित्र पहिल्या फेरीपेक्षा वेगळे आणि थोडे अनपेक्षित होते. सर्वाधिक घट टेकड्यांची नव्हे तर शेतीची होती. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत: 1:5 पेक्षा (पाच मीटर अंतरात एक मीटर चढ) तीव्र उतारावर बांधकामाला मनाई, महापालिका हद्दीत जैवविविधता उद्यानाचे आरक्षण, आणि संरक्षण खात्याची कुंपणे. सपाट शेताला यांपैकी कशाचेच संरक्षण नव्हते.

वाढीची तऱ्हाही खोऱ्यात सर्वत्र सारखी नव्हती. नव्या बांधकामाच्या प्रत्येक तुकड्याभोवती ठरावीक रुंदीचा पट्टा आखून त्यातला किती भाग आधीच बांधलेला होता ते पाहिले गेले. निम्म्याहून अधिक असेल तर ती भरण, त्याहून कमी असेल तर कडेने वाढ आणि शून्य असेल तर सुटी वस्ती, अशी ढोबळ विभागणी केली. बाणेर-पाषाणकडे कडेने वाढ आणि नंतर भरण दिसली; बावधनच्या पुढे आधी सुट्या वस्त्या रस्त्यालगत उमटल्या आणि पुढच्या टप्प्यात त्या एकमेकींना भिडल्या. बांधकामाच्या तुकड्यांची संख्या त्यामुळे आधी वाढली आणि मग घटली. केवळ पहिले आणि शेवटचे वर्ष घेतले असते तर मधला चढ दिसलाच नसता.

सर्वांत बोलका तक्ता शेजाराचा ठरला. माळाची एकूण कड चारही वर्षांत फार बदललेली नव्हती. मात्र 1992 मध्ये तिचा मोठा भाग शेताला लागून होता आणि 2021 मध्ये ती जागा बांधकामाने आणि रूपांतरित जमिनीने घेतली होती. टेकडीचा तुकडा आकाराने बराचसा टिकला. टेकडी आणि ओढा यांच्यामधली पायथ्याची पट्टी गेली. उतारावरून येणारे पावसाचे पाणी जिथे थबकायचे आणि मुरायचे, ती नेमकी हीच पट्टी होती. विकास आराखड्याच्या भाषेत तिला नाव नाही, आरक्षण नाही आणि उतार कमी असल्यामुळे बंदीही नाही.

हरकतीचा मसुदा या तक्त्याभोवती पुन्हा लिहिला गेला. “टेकड्या वाचवा” या सर्वसाधारण मागणीऐवजी, टेकडीपासून ओढ्यापर्यंत मोकळी जमीन अजून सलग आहे अशा जागा सर्व्हे नंबरांसह दाखवण्यात आल्या. सुनावणीत सरासरी तुकड्याविषयी कुणी विचारले नाही. विचारले गेले ते पट्ट्यांच्या रुंदीविषयी आणि मालकीविषयी. यादीतील काही जागांवर प्रत्यक्षात आधीच भराव पडला होता, कारण मोजणीचे शेवटचे चित्र आणि सुनावणी यांच्यामध्ये दोन पावसाळे गेले होते. बाकीच्या जागांची स्थळपाहणी करण्याचे नोंदले गेले. त्या पुढे आराखड्यात कशा उतरतील, हे या प्रकरणाच्या कक्षेबाहेरचे आहे.

वेगळे काय करता आले असते

रामनदीचे पात्र बऱ्याच ठिकाणी एका पिक्सेलपेक्षाही अरुंद आहे. लँडसॅटच्या चित्रांतून तिच्या काठाविषयी काही सांगता येणार नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट होते, तरी काठाचे काम उशिरा सुरू झाले आणि अधिक रेखीव जुन्या चित्रांवरून पात्र हाताने आखण्यासाठी पुरेसा वेळ उरला नाही. खोऱ्यासाठी ढोबळ आणि काठासाठी बारीक अशी दोन पातळ्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून समांतर चालायला हवी होती.

शेजारी पिक्सेल कोणते मानायचे हा निर्णयही फारशी चर्चा न होता घेतला गेला. केवळ चार बाजू धरल्या की तिरपी जाणारी अरुंद माळपट्टी अनेक तुकड्यांत मोडते. कोपरे धरून आठ शेजारी मानले की तीच पट्टी एक राहते. गटाने आठ शेजाऱ्यांचा नियम लावला. टेकडीच्या अरुंद सोंडांसाठी तो ठीक आहे, पण कोपऱ्याला कोपरा लागलेल्या दोन जागा जमिनीवर खरोखर जोडलेल्या असतातच असे नाही. दोन्ही नियमांनी आलेले निकाल शेजारी शेजारी दिले असते, तर वाचणाऱ्याला कोणता निष्कर्ष पक्का आणि कोणता नियमावर अवलंबून आहे, हे दिसले असते. सहा पिक्सेलच्या चाळणीबाबतही तेच म्हणता येईल.

झाडीचा वर्ग मात्र अधिक गंभीर प्रश्न शिल्लक ठेवतो. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. ती वाढली की नकाशात दाट झाडी वाढते, मूळचा गवताळ माळ घटतो, आणि दोन्ही वर्ग ‘टेकडी’ म्हणून एकत्र धरले तर काहीच बदलले नाही असे दिसते. मुख्य तक्त्यात गटाने ते एकत्रच धरले होते, कारण 1992 च्या चित्रांत लागवड आणि नैसर्गिक झाडी वेगळी काढता येत नव्हती. गिरिपुष्प फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाने गाळून फुलतो. निदान 2021 साठी त्या महिन्यांचे सेंटिनेल चित्र वापरून हा वर्ग वेगळा करता आला असता, आणि पुढच्या मोजणीला तरी तुलनेसाठी आधाररेषा मिळाली असती.

राहता राहिला काळाचा प्रश्न. दहा-दहा वर्षांचे टप्पे इतिहास सांगायला पुरतात, सुनावणीला पुरत नाहीत. सलग उरलेल्या जागांपुरती दर हिवाळ्यात एक छोटी फेरमोजणी करायची, आणि ती नागरिक गटातील लोकांनी चित्रावर बघून व जागेवर जाऊन करायची, असे आता ठरले आहे. त्या फेरमोजणीत निर्देशांक काढायचे नाहीत. प्रत्येक सर्व्हे नंबरसमोर पट्टी सलग आहे, प्लॉटिंग झाले आहे की भराव पडला आहे, एवढीच नोंद तारखेसह ठेवायची आहे.